दुसरं काम: वापरून झालेल्या घरगुती वस्तूंच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

घरातून टाकायला निघालेली वस्तू आता थेट कचऱ्यात जाणार नाही. आधी ती एका मोठ्या खोक्यात जमा होईल, आणि तिच्याबद्दल एक प्रश्न विचारला जाईल: ही कशाची आहे आणि हिला काय जमतं? ‘याचं काय बनवता येईल’ इथून सुरुवात केली की बहुतेक वेळा रंग, डिंक आणि चमकी लावलेली शोभेची वस्तू तयार होते. काही महिने ती धूळ खाते आणि मग कचऱ्यातच जाते. म्हणून आम्ही वस्तूच्या अंगच्या गुणापासून सुरुवात करणार आहोत. काच पाणी धरते, वास धरत नाही, आतलं दाखवते. पन्हळी पुठ्ठा एका दिशेनं सहज दुमडतो, दुसऱ्या दिशेनं वजन पेलतो. सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून सोडलं की मूळ मापाला येतं. जे जमतं, तेच काम पुन्हा द्यायचं.

आणखी दोन अटी. नव्या कामामुळे काहीतरी विकत आणणं टळलं पाहिजे. आणि चिकटवाचिकटवी शक्य तितकी कमी करायची. युरोपीय संघाच्या २००८ सालच्या कचरा निर्देशात एक क्रम दिलेला आहे: कचरा होऊ न देणं, मग वस्तू पुन्हा वापरायोग्य करणं, मग पुनर्प्रक्रिया, मग ऊर्जा वगैरे मिळवणं आणि अगदी शेवटी विल्हेवाट. पुनर्वापर पुनर्प्रक्रियेच्या आधी येतो, पण पुढचा रस्ता त्यानं बंद करता कामा नये. साधी बरणी शेवटी काचेच्या भट्टीत जाऊ शकते. तिच्यावर कापड, सुतळी आणि रंगाचे थर चिकटवले की ती धड काच राहत नाही, धड कापड राहत नाही.

५ नोव्हेंबर

बरण्या. लेबल काढणं हेच यातलं निम्मं काम. लेबलांचे गोंद मुख्यतः दोन तऱ्हेचे. पाण्यात सुटणारा गोंद असेल तर बरणी गरम पाण्यात बुडवून ठेवायची, थोड्या वेळानं लेबल आपणहून वर येतं. दुसरा स्टिकरचा, कायम चिकट राहणारा. त्याला पाणी काही करत नाही, तेल मात्र त्याच्या थरात शिरून त्याला सैल करतं. खायचं तेल आणि खायचा सोडा यांचा दाट लेप करून लावायचा, जरा वेळ थांबायचं आणि चोळायचं. तेल गोंद सोडवतं, सोड्याचे कण तो खरवडतात. मग साबणानं तेल धुऊन टाकलं की काच स्वच्छ. काचेवर धातूची घासणी चालवायची नाही, चरे पडतात.

जुन्या बरणीला वास येतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. हा वास काचेत नसतो, झाकणात असतो. झाकणाच्या आतल्या कडेला मऊ पदार्थाचं कडं असतं, हवा आत जाऊ नये म्हणून. तेल आणि वास तिथे मुरतात. झाकण वेगळं धुवून काही दिवस उन्हात उलटं ठेवावं. तरीही वास गेला नाही तर ती बरणी खिळे, बटणं, सुया यांच्यासाठी. आट्यांचं झाकण आणि काचेची बरणी या जोडीचं पेटंट अमेरिकेतल्या जॉन लँडिस मेसन यांनी १८५८ मध्ये घेतलं. आज घरात शिरणाऱ्या बऱ्याच बरण्या त्याच कल्पनेच्या वंशातल्या. या कल्पनेतली खरी किमती गोष्ट झाकण आहे, म्हणून बरणी आणि झाकण वेगळं होऊ द्यायचं नाही. खोक्यात टाकतानाच झाकण लावून टाकायचं.

एक सावधगिरी लिहून ठेवते. नेहमीच्या बरणीची काच सोडा-लाइम जातीची असते. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेच्या तुलनेत ती तापल्यावर जवळपास तिप्पट प्रसरण पावते. गार बरणीत उकळतं पाणी ओतलं तर आतली बाजू प्रसरण पावते, बाहेरची तशीच राहते, आणि काच तडकते. धुताना पाणी हळूहळू गरम करत न्यावं.

आज कामाच्या टेबलावरच्या फळीखाली झाकणं बसवली. झाकणाला आतून खिळ्यानं भोकं पाडायची, झाकण फळीच्या खालच्या अंगाला धरून स्क्रू आवळायचे. एका झाकणाला दोन स्क्रू हवेतच. एकच असेल तर बरणी फिरवताना झाकणही तिच्याबरोबर फिरतं आणि बरणी उघडत नाही. स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा आखूड घ्यायचे. आता बरण्या फळीखाली लटकतात, कुठल्या बरणीत काय आहे ते खालूनच दिसतं, आणि टेबल मोकळं राहतं. आईनं लगेच शिवणाच्या सामानासाठी दुसरी फळी मागितली.

९ नोव्हेंबर

प्लास्टिकची वर्गवारी. तळाशी बाणांच्या त्रिकोणात छापलेला आकडा १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेनं सुरू केला. १ म्हणजे पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे बाकी सगळं. बाण असल्यामुळे अनेकांना वाटतं की वस्तूची पुनर्प्रक्रिया नक्की होणार. आकडा एवढंच सांगतो की हे प्लास्टिक कुठल्या जातीचं आहे. पण दुसरं काम ठरवायला तेवढं पुरतं. पीईटी ७० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागतं, म्हणून पाण्याच्या बाटलीत गरम काही भरायचं नाही. पॉलिप्रॉपिलीन वितळतं ते १६० अंशांच्या आसपास, म्हणून झाकणाचे डबे बहुधा त्याचे असतात.

धुण्याच्या द्रवाच्या कडी असलेल्या बाटल्या २ नंबरच्या. हे प्लास्टिक चिवट आहे, वाकतं पण सहज तुटत नाही. बाटलीचं बूच घट्ट लावून ती कडीकडून तळाकडे तिरकी कापली की मातीसाठी उत्तम फावडं होतं, मूठ आयतीच असते. उरलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या कापून कुंड्यांत रोपांच्या नावाच्या पाट्या केल्या. पट्टीला पॉलिश पेपरनं जरा खरखरीत करून पेन्सिलीनं लिहायचं. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिलीचं ग्रॅफाइट टिकतं.

१२ नोव्हेंबर

आजचा प्रयोग या सगळ्यातला मला सर्वांत आवडलेला. झाडूच्या लाकडी दांड्याला उभी चीर गेली होती. ती पाण्याच्या बाटलीनं बांधली, कुठलाही गोंद न लावता.

हे का जमतं ते आधी. पीईटी बाटलीचं पेटंट नॅथॅनिएल वायथ यांना १९७३ मध्ये मिळालं, आणि त्यातली करामत ताणण्यात आहे. बाटली आधी जाड, आखूड नळीच्या रूपात असते. ती तापवून लांबीला ताणतात आणि आत हवा मारून साच्यात फुगवतात. प्लास्टिकचे लांब रेणू ताणले जातात आणि तशाच ताणलेल्या अवस्थेत गार होऊन अडकतात. म्हणून इतकी पातळ बाटली इतका दाब सोसते. पुन्हा उष्णता मिळाली की रेणू सुटतात आणि आकसतात. गरम पाण्यानं बाटली वेडीवाकडी होते ती याच कारणानं. लोकांना दोष वाटणारा हा गुण इथे सगळं काम करतो.

बाटलीचा मधला सरळ भाग कापून नळकांडं घेतलं. मान आणि तळाचा मधला जाड भाग फारसा ताणलेला नसतो, म्हणून तो आकसत नाही, तो घ्यायचा नाही. नळकांडं दांड्याच्या जाडीपेक्षा किंचितच मोठं असावं, फार सैल असेल तर पूर्ण आवळलं जात नाही. आमचा दांडा बारीक, म्हणून लहान बाटली घेतली आणि चिरेवर लाकडाच्या दोन पट्ट्या आधाराला ठेवून जाडी वाढवली. लाकडावर कानशीनं उथळ खाचा केल्या. प्लास्टिक आकसताना त्या खाचांत रुतून बसतं आणि मग सरकत नाही. नंतर हॉट एअर गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) सतत फिरवत उष्णता दिली. एका जागी धरली की तिथे प्लास्टिक पांढरं पडून कडक होतं किंवा भोक पडतं. केस वाळवायच्या यंत्राची उष्णता बहुतेक वेळा कमी पडते. खिडक्या उघड्या, हातात मोजे, आणि प्लास्टिकला ज्योत लावायची नाही, जळू द्यायचं नाही.

चीर बंद झाली आहे. दांडा गुडघ्यावर दाबून पाहिला, हलत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की दांडा कधी टाकायची वेळ आलीच तर ब्लेडनं चिरून हे प्लास्टिक अख्खं सोडवता येतं. लाकूड लाकडाकडे, बाटली बाटलीकडे.

कापलेल्या मानेचाही उपयोग आहे. पातळ पिशवीचं तोंड मानेतून वर ओढून बाहेरच्या बाजूला उलटं दुमडायचं आणि वरून बूच आवळायचं. पिशवी हवाबंद होते, आणि पावडरसारखी गोष्ट ओतायला तोटी मिळते.

१५ नोव्हेंबर

बाटली मधोमध कापून वरचा अर्धा भाग उलटा करून खालच्यात बसवला. बुचाच्या भोकातून वात, वर माती आणि रोप, खाली पाणी. वात पाणी वर खेचते, माती ओलसर राहते, बाहेरगावी गेलं तरी रोप सुकत नाही. सुती वात पाणी चांगलं ओढते पण सतत ओली राहून कुजते. जुन्या बुटाची नाडी सिंथेटिक असली तरी विणीच्या फटींतून पाणी चढवते आणि कुजत नाही. नाडी वापरायच्या आधी पाण्यात भिजवून पिळून घ्यायची, कोरडी नाडी सुरुवातीला पाणी धरत नाही.

पारदर्शक बाटलीत पाण्यावर ऊन पडलं की शेवाळ येतं. जुन्या मोज्याचा वरचा भाग कापून खालच्या अर्ध्यावर चढवला, उजेड बंद झाला. ब्राझीलच्या आल्फ्रेदो मोझेर यांच्यापुढे हाच प्रश्न होता, फक्त त्यांना उजेड हवा होता. वीज जायची त्या काळात, २००२ च्या सुमारास, त्यांनी पाण्यानं भरलेली बाटली छपराच्या भोकात निम्मी वर निम्मी खाली अशी बसवली. पाण्यातून सूर्यप्रकाश वळून खोलीभर पसरतो, साधारण ४० ते ६० वॉटच्या दिव्याइतका. शेवाळ धरू नये म्हणून ते पाण्यात थोडं ब्लीच घालत. बाटलीवर एक थेंब रंग नाही, आणि अंधाऱ्या खोलीत दिवसा उजेड. या प्रकल्पाला हवं आहे ते हेच.

१८ नोव्हेंबर

जुने टूथब्रश. नायलॉनचे केस असलेला ब्रश १९३८ मध्ये बाजारात आला, त्याआधी प्राण्यांचे केस वापरत. नायलॉन ओलं होऊनही फारसं मऊ पडत नाही, म्हणून घासायला चांगलं. केस आखूड कापले तर ताठ होतात, फरशीच्या सांध्यांसाठी ते ठीक. न कापलेला ब्रश कीबोर्ड, शिवणयंत्राचा खालचा भाग, खिडकीच्या खाचा यांना. दोन्हींच्या दांड्यांवर वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधला आहे, म्हणजे न्हाणीघरातला ब्रश शिवणयंत्राला लागणार नाही.

२२ नोव्हेंबर

पुठ्ठ्याची खोकी. खोक्याचा पुठ्ठा म्हणजे दोन सपाट कागदांच्या मधे एक लाटालाटांचा कागद. या लाटा म्हणजेच पन्हळी. लाटांच्या कागदाचं पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ मध्ये घेतलं गेलं, उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. १८७१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी तो बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला वापरला. खोकं पुढे आलं. म्हणजे या कागदाची सुरुवातच वेगळ्या कामापासून झाली.

एकाच मापाचे दोन तुकडे कापून लेकीनं चाचणी घेतली. पन्हळी उभ्या ठेवून तुकड्याची चौकोनी नळी केली, तर तिच्यावर पुस्तकांचा बराच उंच ढीग राहिला. पन्हळी आडव्या असलेली नळी थोड्याच पुस्तकांत दुमडली. उभी पन्हळ म्हणजे बारीक बारीक खांबांची रांग, आडवी पन्हळ म्हणजे आयती घडी. पुठ्ठ्याचं काहीही करायच्या आधी पन्हळींची दिशा पेन्सिलीनं बाण काढून लिहायची. आज सगळ्या तुकड्यांवर बाण आहेत.

खणांसाठी कप्पे केले. पट्ट्या खणाच्या उंचीच्या, पन्हळी उभ्या. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे एकीला वरून निम्म्या उंचीपर्यंत खाच, दुसरीला खालून. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढी, त्याहून तसूभर जास्त नाही. पट्ट्या एकमेकींत अडकतात आणि जाळी उभी राहते, गोंद लागत नाही. कापताना जोर लावून एका झटक्यात कापायचं नाही, त्यानं पन्हळी चेपतात. नवं पातं घेऊन हलक्या हातानं तीनचारदा फिरवायचं. घडी हवी तिथे न कापता चमच्याच्या पाठीनं रेघ दाबायची. खोक्याची चिकटपट्टी आधी काढून टाकायची, नाहीतर शेवटी पुठ्ठा रद्दीत घेताना अडचण होते.

पुठ्ठ्यावर लोकांचा विश्वास नसतो, त्यांच्यासाठी दोन उदाहरणं. वास्तुकार फ्रँक गेरी यांची नागमोडी खुर्ची, १९७२ सालची, पुठ्ठ्याचे थर पन्हळींची दिशा आळीपाळीनं बदलून एकावर एक रचून केलेली आहे. तिच्यावर मोठं माणूस बसतं. आणि जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपानंतर शिगेरू बान यांनी बेघर झालेल्यांसाठी कागदी नळ्यांच्या भिंतींची घरं उभारली. नळ्यांचा व्यास १०६ मिलिमीटर, जाडी फक्त ४. पायाला बाटल्यांचे प्लास्टिक क्रेट, वाळूच्या पिशव्या भरून. नळीनं उभं राहायचं आणि क्रेटनं भार झेलायचा, ही कामं दोघांनाही आधीपासून येत होती.

पुठ्ठ्याचा शत्रू ओल. दमट जागी तो ताकद गमावतो, म्हणून न्हाणीघरात पुठ्ठा ठेवायचा नाही. टिश्यू पेपरच्या सुरळीतली नळी वायरी गुंडाळून ठेवायला घेतली, नळीवर वायरीचं नाव लिहिलं. काही नळ्यांत बिया पेरल्या. रोप नळीसकट जमिनीत जातं, मुळं दुखावत नाहीत. लावताना नळीची कड मातीच्या वर उरली असेल तर फाडून टाकायची, कारण ती कड आतली ओल शोषून हवेत सोडते.

२९ नोव्हेंबर

कपडे, मावशीच्या देखरेखीखाली. तिनं सगळ्यात आधी कात्री माझ्या हातातून काढून घेतली. “आधी कापड ओळख,” म्हणाली. प्रत्येक कपड्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. बऱ्याचदा धुतलेलं सुती कापड तो लगेच पितं. पॉलिएस्टरवर थेंब बहुधा थबकतो. शंका असेल तर शिवणीतला एक दोरा चिमट्यात धरून धातूच्या ताटलीवर जाळायचा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि कडक मणी उरतो. पुसायची फडकी फक्त सुती कपड्यांची. पॉलिएस्टरचं फडकं पाणी उचलत नाही, नुसतं पसरवतं, आणि घरोघरी जुन्या कपड्यांची फडकी कुचकामी ठरतात त्याचं हेच कारण.

टी-शर्ट विणीचा असतो, म्हणून कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत, कड शिवावी लागत नाही. काखेच्या खालचं नळकांडं घ्यायचं, खालची शिवण काढायची. एक बाजू दुसऱ्या बाजूच्या दोनतीन बोटं अलीकडे राहील अशी घडी घालून आडव्या पट्ट्या कापत जायचं, पण पुढे राहिलेली कड न कापता. मग ती कड उघडून तिरक्या छेदांनी पट्ट्या एकमेकींना जोडून घ्यायच्या. एकच अखंड पट्टी निघते. हात लावून ओढली की दोन्ही कडा आत वळतात आणि गोल दोर होतो. अंगाला बाजूच्या शिवणी नसलेला टी-शर्ट यासाठी उत्तम, गाठी येत नाहीत. तीन दोरांची वेणी घातली, वेणी गोल गुंडाळत कडेकडेनं शिवली, पायपुसणं झालं. तेही सगळं सुतीच, मिसळ नाही.

चादर मधोमध विरते, कडा मात्र घट्ट असतात. ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ कपड्यांवर रेशन होतं, तेव्हा ही युक्ती घरोघरी चाले: चादर मधून उभी फाडायची, बाहेरच्या कडा मधे आणून एकमेकींना जोडायच्या, विरलेला भाग बाजूला जातो आणि तिथे दुमड घालायची. मावशीनं टोकाला छोटा छेद देऊन चादर हातानंच फाडली. विणलेलं कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्रीपेक्षा सरळ. मधली शिवण अंगाला टोचू नये म्हणून तिनं ती सपाट बसणारी दुहेरी टीप घातली. ही चादर अजून काही वर्षं चालेल.

जीन्सचे खिसे उसवले नाहीत, मागच्या कापडासकट कापून घेतले. खिशाच्या कोपऱ्यांतल्या तांब्याच्या रिव्हेटांचं पेटंट १८७३ चं आहे, जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांचं. कामगारांचे खिसे कोपऱ्यात फाटत, म्हणून. ते मजबूत कोपरे उसवून फेकणं म्हणजे मिळालेली ताकद टाकून देणं. खिशांची रांग एका पायाच्या कापडावर शिवली, आणि कानस, पाने (स्पॅनर), पक्कड ठेवायची गुंडाळी झाली. जाड शिवणींवर मशिन अडतं. १६ नंबरची सुई लावायची आणि थरांचा सांधा आधी हातोडीनं ठोकून सपाट करायचा. बटणं, चेन, बक्कल आधीच काढून बरणीत.

मावशीनं पिशव्या शिवायचा विषय काढला. मी तिला डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेचा २०१८ चा अभ्यास सांगितला. साध्या सुती पिशवीनं हवामानावरचा भार पातळ प्लास्टिक पिशवीच्या पातळीवर आणायचा तर ती किमान ५२ वेळा वापरावी लागते. पाण्याच्या वापरासकट इतर सगळे परिणाम धरले तर हा आकडा ७,१०० वर जातो. तो भार नवा कापूस पिकवण्याचा आणि विणण्याचा आहे. घरातल्या जुन्या पँटच्या पिशवीला तो पुन्हा पडत नाही. मावशी म्हणाली, “मग पिशव्या कमी शीव, पण धड शीव.” दोनच शिवल्या, बंद दुहेरी टीप घालून.

६ डिसेंबर

पत्र्याचा डबा आणि त्यात भोकांची नक्षी. रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला की पत्रा आत चेपतो. म्हणून डब्यात पाणी भरून गोठवायचं. बर्फ आतून आधार देतो आणि खिळा स्वच्छ भोक पाडतो. गोठताना पाणी ९ टक्के वाढतं, तळ थोडा बाहेर येतो. त्यामुळे डबा पूर्ण भरायचा नाही, आणि तळ फुगलाच तर नंतर हातोडीनं सपाट करायचा. बर्फ वितळला की पाणी ओतून भोकं लगेच पुसून कोरडी करायची, कारण भोकाच्या कडेला कथिलाचा मुलामा फाटून लोखंड उघडं पडतं आणि गंज तिथून सुरू होतो. आमचे डबे चमचे-पळ्या निथळायला ठेवायला घेतले, तळालाच भोकं पाडली. वरची कड कानशीनं गुळगुळीत केली, ती बोट कापते.

८ डिसेंबर

सायकलची ट्यूब. आतली पांढरी पूड, शंखजिऱ्याची असते ती, धुऊन टाकली. आडवे काप केले की रबरबँड, रुंद काप केले की पट्टे. साधा रबरबँड हवेत ठेवला की काही महिन्यांत भेगाळतो. ट्यूबचं ब्यूटाइल रबर हवेतल्या ओझोनला बरंच तोंड देतं, म्हणून टिकतं. रोपं काठीला बांधायला याच्यासारखं दुसरं काही नाही, खोड जाड होत गेलं की पट्टा ताणत जातो, सुतळीसारखा आत रुतत नाही. टेबलाच्या पायाखाली चकत्या, घट्ट झाकण उघडायला चौकोन. संपूर्ण ट्यूब वापरून झाली, उरला फक्त व्हॉल्व्ह, तो धातूच्या डब्यात.

१३ डिसेंबर

नकाराची यादीही लिहायला हवी, ती कामाच्या यादीइतकीच महत्त्वाची. रंग, कीटकनाशक, ऍसिड यांचे डबे दुसऱ्या कुठल्याही कामाला घ्यायचे नाहीत. आणि याच्या उलट, पाण्याच्या बाटलीत रॉकेल किंवा सफाईचं द्रव कधीच भरायचं नाही. लहान मूल बाटली पाहून पितं, आणि अशा विषबाधा आजही होतात. हे मी लाल अक्षरात भिंतीवर लावलं आहे. तोंडाला कपची उडालेली बरणी कामाला नाही. छापील वर्तमानपत्रात खायच्या वस्तू गुंडाळायच्या नाहीत, शाई लागते. काच पुसायला, कुंडीखाली अंथरायला वर्तमानपत्र चालतं.

जवसाचं तेल लाकडाला लावून झाल्यावर फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं. बोळ्यात उष्णता कोंडते आणि फडकं आपणहून पेट घेऊ शकतं. ते सपाट पसरून बाहेर वाळवायचं, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. जुन्या कपड्यांची फडकी करणाऱ्या प्रत्येकानं हे माहीत करून घ्यावं.

२० डिसेंबर

मोडलेली छत्री. कापड काड्यांपासून सोडवलं, टाके उसवून. नायलॉन किंवा पॉलिएस्टर, पाणी न शोषणारं, म्हणून सायकलच्या सीटचं आवरण आणि ओल्या कपड्यांची पिशवी. त्रिकोणी पट्टे सुटे न करता गोल घेर तसाच ठेवला तर कडेला नाडी घालून टोपलीचं झाकण होतं. शिवणी आधीच पक्क्या असतात.

काड्या बघून आनंद झाला. पोलादी काडीचा छेद इंग्रजी यू अक्षरासारखा असतो. ही रचना सॅम्युएल फॉक्स यांनी १८५२ मध्ये आणली. भरीव तारेपेक्षा कमी पोलादात जास्त ताठपणा. पुठ्ठ्याच्या पन्हळींचं तत्त्वही हेच, कागद असो वा पोलाद, वाकवून आकार दिला की तो वाकायला विरोध करतो. काड्या वेलींना आधाराला लावल्या. टोकांना ट्यूबचे तुकडे घातले, डोळ्याला लागू नये म्हणून, आणि वेलही ट्यूबच्याच पट्ट्यांनी बांधला.

४ जानेवारी

खोकं रिकामं करून तपासणी केली. जे वापरात आहे ते: लटकत्या बरण्या, खणांचे कप्पे, झाडूचा दांडा, ट्यूबचे पट्टे, चादर, जीन्सची गुंडाळी, मातीचं फावडं. जे वापरात नाही ते: पिशवीवरचं बूच (पिशवी दुमडून चिमटा लावणं सगळ्यांना सोपं वाटतं) आणि पुठ्ठ्याची एक छोटी फळी, जी वजनाला पुरी पडते पण कोणाला लागत नाही. दोन्ही सुटी करून पुनर्प्रक्रियेला दिली. गोंद नव्हता, त्यामुळे सुटी व्हायला काही लागलं नाही.

या काळात एक बाटली सारखी आठवत राहिली. नेदरलँड्समधल्या हायनेकन या बिअर कंपनीचे आल्फ्रेड हायनेकन यांनी १९६३ मध्ये वास्तुकार जॉन हाब्राकन यांच्याकडून चौकोनी बाटली तयार करून घेतली, रिकामी झाल्यावर आडवी ठेवून विटेसारखी रचता येईल अशी. मान पुढच्या बाटलीच्या तळाच्या खोबणीत बसत असे. सुमारे १ लाख बाटल्या तयार झाल्या, प्रत्यक्षात फार काही बांधलं गेलं नाही. वस्तू करणाऱ्यानं दुसरं काम आधीच ठरवावं ही अपेक्षा मला रास्त वाटते. गोंद पाण्यात सुटणारा लावला, लेबल झाकणावर छापलं, बाटली एकाच जातीच्या प्लास्टिकची केली तर पुढचं काम घरची माणसं सांभाळतील.

आता खोक्यात आहेत: कान तुटलेले तीन कप, एक जुनी बॅग आणि तिची दोन चाकं, पडद्याचा दांडा, मोडकी घडीची खुर्ची. चाकांना वजन किती पेलतं ते आधी बघायचं. खुर्चीचं कापड विरलेलं आहे पण सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे, त्याचे रिव्हेट ड्रिलनं काढावे लागतील. मावशी येईल तेव्हा कापडाचं माप घ्यायचं.